खालच्या पट्टीतल्या जाऊबाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतका भारदस्त आवाज साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. असलाच तर तो माणूस पुढारी असेल, नाहीतर कीर्तनकार. कपाळावर ठसठशीत कुंकू लावणारी, माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी आणि पवनीच्या बाजारात वांग्याच्या भावावरून घासाघीस करणारी बाई तर तो नक्कीच नसेल. धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत तोंड घालून कुणी बोलावं, तसा तो आवाज. घुमणारा, गोल, आणि कुठून येतो ते पटकन न कळणारा. त्यांनी माजघरातून "चहा ठेवू का?" असं विचारलं की ओसरीवरचा पाहुणा आपोआप सावरून बसायचा. दारावर आलेला भांडीवाला भाव सांगण्याआधीच कमी करायचा. आणि आमच्या घरातली मांजर, जी माझ्या हाकेला शेपटीनेसुद्धा उत्तर देत नसे, ती जाऊबाईंच्या एका "ये गं" वर शेजारच्या कौलांवरून उडी मारून हजर व्हायची.

माझी आणि या आवाजाची पहिली भेट लग्नाच्या दिवशी झाली. मी साकोलीची. वरात पवनीला आली तेव्हा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळे मला फक्त जमीन आणि जमिनीवरचे पाय दिसत होते. उंबऱ्यावरचं माप ओलांडणार एवढ्यात आतून आवाज आला, "थांब! उजवा पाय आंधी टाक. अन् घाबरू नको, घर आपलंच हाय." मला वाटलं, हे सासरे. एवढ्या वजनाने बोलणारा दुसरा कोण असणार? मी माप ओलांडलं आणि समोरच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर त्या पायांत जोडवी होती. आमच्या सासऱ्यांनी जोडवी का घातली असतील, या विचारात मी बराच वेळ वाकलेलीच राहिले. शेवटी त्याच आवाजाने वरून विचारलं, "काय हरपलं का वो तुहं?" तेव्हा कुठे मी मान वर केली आणि जाऊबाई दिसल्या. हसत होत्या. त्यांचं हसूसुद्धा खालून यायचं, चुलीवरच्या मोठ्या गंजात पाणी खदखदायला लागावं तसं.

देवाची गंमत अशी की त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, यांचा आवाज अगदी बारीक. उंचेपुरे, मिशा राखणारे गृहस्थ, पण तोंड उघडलं की सनईच्या वरच्या टोकाचा सूर. घरी फोन आला आणि तो भासऱ्यांनी उचलला की पलीकडचा हमखास म्हणायचा, "मॅडम, घरात सर आहेत का?" भासरे एक अक्षर न बोलता फोन जाऊबाईंच्या हातात द्यायचे. जाऊबाई म्हणायच्या, "हं, बोला." आणि पलीकडचा खूश होऊन, "नमस्कार सर," म्हणून पुढचं सांगायला लागायचा. गॅस, वीज, बँक, विमा, सगळे व्यवहार असेच चालत. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही त्यांना सांगत का नाही की तुम्ही सर नाही म्हणून?" तर म्हणाल्या, "कायले? मॅडमचं काम आठ दिवस अडते, सरचं तवाच होते."

कोंढ्याला आमची थोडी धानाची शेती आहे. लोंब्या भरायच्या दिवसांत तिथे रानडुकरांचा उच्छाद असतो. शेजारचे शेतकरी डबे वाजवत, फटाके फोडत. जाऊबाई धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहून एकच हाकारा द्यायच्या. तो ऐकून डुकरं पळत हे खरंच, पण एकदा त्याच हाकाऱ्याने रस्त्याने चाललेला एक सायकलस्वार उतरून हात जोडून उभा राहिला, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे पुढे आजूबाजूचे शेतकरी सांजेला निरोप धाडायला लागले, "बाईले म्हना, आमच्या वावराकडे बी एक आवाज देजा." जाऊबाई तोंड वळवून आणखी एक हाकारा देत. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

कमीपणा वाटायचा तो फक्त एका गोष्टीचा. त्यांना गाणं म्हणायचं होतं.

हे मला हळूहळूच कळलं, कारण जाऊबाई ते कुणाला कळू देत नसत. आमच्या आळीत बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी दुपारी देवळाच्या मंडपात बसतं. जाऊबाई एकही गुरुवार चुकवत नसत. पहिल्या ओळीत बसायच्या, टाळ वाजवायच्या, ठेका असा पक्का की ढोलकीवाली त्यांच्याकडे बघून वाजवायची. आणि सगळ्या अभंगभर त्यांचे ओठ हलत असत. नवी सून म्हणून मी त्यांच्या शेजारी बसायचे. काही गुरुवार गेल्यावर माझ्या लक्षात आलं की शेजारून आवाज असा येतच नाही. एक शब्द चुकत नव्हता, तालाला ओठ मिटत-उघडत होते, सगळे अभंग तोंडपाठ. आवाज मात्र नाही. गणपतीच्या आरतीतही तसंच. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर राष्ट्रगीतालाही तसंच, मान ताठ, डोळ्यांत पाणी, ओठ हलताहेत आणि आवाज बंद.

याचं मूळ त्यांच्या शाळेत होतं. चौथीत असताना प्रार्थनेच्या वेळी बाईंनी ओळीओळीतून फिरत कान लावून पाहिलं होतं आणि जाऊबाईंपाशी थांबून म्हटलं होतं, "तू म्हणू नको गं. तू नुसते ओठ हलव." सांगणारीने ते सहज सांगितलं असेल, आणि घरी जाईपर्यंत विसरलीही असेल. जाऊबाईंनी मात्र ते असं पाळलं, की गुरूचा मंत्रही कुणी इतका पाळत नसेल.

पण आशा सुटली नव्हती. आवाज बारीक व्हावा म्हणून त्यांनी काय केलं नाही! पदराच्या टोकाला कायम ज्येष्ठमधाची कांडी बांधलेली असायची. सुंठ, मध, खडीसाखर, कंकोळ, कुणी सांगितलं म्हणून तुळशीच्या मुळाची माती कपाळाला. कुणीतरी म्हणालं, शंखात ठेवलेलं पाणी प्यायलं की गळा गोड होतो. तर एक अख्खा श्रावण त्या देवघरातल्या शंखातून पाणी प्यायल्या. श्रावण संपल्यावर त्यांचा आवाज आणखी थोडा शंखासारखा झाला, एवढाच काय तो फरक. भासरे म्हणाले, "आता देवाले फुकाले शंख लागनार नाही." त्या दिवशी भासऱ्यांना वरण अळणी मिळालं.

स्वतःला न मिळालेल्या गोष्टीची पारख माणसाला फार तीक्ष्ण असते. कुणाकडे मुलगी बघायला गेलो की इतर बायका तिचा रंग, केस, स्वयंपाक बघत, जाऊबाई म्हणायच्या, "बाई, ते तुमची कोंबडी अंगनाबाहेर चालली, तिले हाक मार बरं." मुलगी लाजत लाजत हाक मारायची आणि जाऊबाई डोळे मिटून ऐकायच्या. नंतर रस्त्यात निकाल द्यायच्या, "पोट्टी चांगली हाय. आवाजात भांडन नाही." त्यांनी अशी पसंत केलेली एकही सून आजवर भांडकुदळ निघाली नाही. निदान तसं त्या सांगतात.

आमच्या घरात हातमाग होते. एकेक करत बंद पडले आणि शेवटी मागच्या पडवीत एकच राहिला, तो जाऊबाईंचा. दुपारी जेवणं आटोपली की त्या मागावर बसत. धोटा इकडून तिकडे, फणी खाट्‌खाट्, सारी पडवी हलायची. एका दुपारी मी वाळवण उचलायला मागच्या अंगणात गेले, तर त्या खाटखाटीच्या आत काहीतरी होतं. आधी वाटलं शेजारचा रेडिओ. मग वाटलं देवळात कुणी आहे. भिंतीला लागून उभी राहिले, तेव्हा कळलं. जाऊबाई गात होत्या. गुरुवारचाच अभंग, पण तो मी असा कधी ऐकला नव्हता. मंडळात तो धावायचा, इथे चालत होता, भरल्या ओझ्याच्या बैलगाडीसारखा, सावकाश आणि खात्रीने. धोट्याचा दोरा तुटला, माग थांबला, आणि त्या क्षणी गाणंही थांबलं, मधल्या शब्दावर. दोरा जोडून झाला, खाटखाट सुरू झाली, की पुढचा शब्द. मी वाळवण तसंच टाकून परत आले. मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मागावर बसणंही सोडलं असतं.

असंच सगळं चाललं असतं. पण काही वर्षांपूर्वी आमच्या माडीवरच्या खोलीत संगीत शिकवणाऱ्या एक बाई भाड्याने राहायला आल्या. नागपूरच्या, लहान वयाच्या, इथल्या एका शाळेत लागलेल्या. सामान काय, तर एक गादी, एक कुकर आणि एक पेटी. एके दिवशी दुपारी त्या विरजणासाठी खाली आल्या. मी दही देत होते तर म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडचे काका किती छान गातात हो! मागच्या पडवीतून ऐकू येतं मला. खर्ज काय सुरेख आहे त्यांचा!"

"कोणते काका?" मी विचारलं.

नेमके तेव्हाच भासरे बाहेरून आले आणि आपल्या सनईच्या सुरात म्हणाले, "मी नोहो बापा."

संगीताच्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दह्याची वाटी तशीच हातात धरून पडवीच्या दिशेने चालायला लागल्या. मी मागून "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्या दारात पोचल्या होत्या. जाऊबाईंनी त्यांना बघितलं. माग थांबला. गाणं थांबलं. चोरी पकडल्यावर लहान मुलाचं तोंड होतं, तसं जाऊबाईंचं तोंड झालं होतं.

"काकू, पुढे म्हणा ना."

"काय म्हनू? मी तं काही म्हनतच नव्हती."

"मी ऐकलं ना."

"तो माग वाजते बाई. जुना हाय." असं म्हणून त्यांनी मागावर कापड टाकलं आणि उठल्या. चार दिवस त्या पडवीत गेल्या नाहीत.

पण ती मुलगीही चिवट. रोज काहीतरी मागायला खाली यायची. कधी कढीपत्ता, कधी सुई, कधी नुसतीच. पाचव्या दिवशी ती पेटीच घेऊन खाली आली आणि माजघरात मांडून बसली. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, पण निवडणं थांबलं.

"काकू, गाणं नका म्हणू. फक्त तुमचा आवाज कुठून कुठपर्यंत आहे तेवढं बघू. सकाळी सगळ्यांचाच आवाज जड असतो, म्हणून मुद्दाम दुपारी आले. मी सूर देते, तुम्ही नुसतं 'आ' म्हणा. ओढायचं नाही, दाबायचं नाही. जमलं नाही की थांबायचं."

"माह्या आवाजात गानं नाही बाई. हाकारा हाय हाकारा. डुकरायसाठी."

"मग हाकाराच मोजू."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाजी चिरत होते, खाली मान घालून चिरतच राहिले. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि "आ" म्हटलं. अगदी हळू, जणू डॉक्टर घसा बघतो आहे. संगीताच्या बाईंचं बोट पेटीवर एक पट्टी खाली आलं. जाऊबाईही आल्या. आणखी एक. आणखी एक. पेटीचा भाता हलत होता आणि बोट डावीकडे सरकत होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माझ्या पाटाखालची फरशी गुणगुणायला लागली एवढं मला कळलं. शेवटी एका सुरावर आवाज नुसता श्वास होऊन राहिला, तेव्हा बाईंनी हात काढून घेतला.

"काकू, इथे तर मी स्वतः पोचूच शकत नाही," त्या म्हणाल्या.

मग वर जायला लागल्या. वर जाताना एका जागी जाऊबाईंचा आवाज चिरकला, फाटला. त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला. "पाहा," म्हणाल्या, "हेच. हेच होते. तिथं जाऊन माहा आवाज फाटते."

"फाटत नाही काकू. तो तिथे राहतच नाही." बाई पेटी मागे सारून नीट मांडी घालून बसल्या. "प्रत्येकाच्या गळ्याला एक तळ असतो आणि एक माथा. त्या दोन्हींच्या मधे जिथे आवाज मोकळा फिरतो, तिथे आपला सा धरायचा. सा काही देवळातला खांब नाही एकाच जागी रोवलेला. बहुतेक बायकांचा पेटीच्या काळी चार, काळी पाच या पट्ट्यांना येतो. तुमच्या मंडळाचा काळी पाच आहे, मी ऐकलाय. तुमचा येतो बराच खाली, काळी दोनला. तुम्ही तुमसर रोड स्टेशनला उतरणाऱ्या, आणि लोक तुम्हाला गोंदियाच्या फलाटावर शोधून राहिले. कशा सापडणार?"

"काळी दोन तं बाप्यायची असते."

"बायकांचीही असते. थोड्या बायकांची असते. तिकडे परदेशात तर बायकांच्या आवाजाचे प्रकारच पाडलेत. उंच आवाजाच्या त्या सोप्रानो, मधल्या त्या मेझो, आणि खालच्या त्या आल्टो. तुम्ही आल्टो. त्याहूनही खालच्या म्हणा."

"आल्टो?" जाऊबाई म्हणाल्या. "ते तं तुमसरच्या पाव्हन्याची गाडी होय."

आम्ही तिघीही हसलो. पण जाऊबाईंचं हसू लवकर संपलं. त्यांनी सूप मांडीवर घेतलं, दोन खडे वेचले, आणि खालीच बघत विचारलं, "म्हंजे माह्या गळ्यात खोट नाही?"

"मुळीच नाही."

"मंग त्या शाळेतल्या बाईनं मले चूप काहून बसवलं?"

संगीताच्या बाईंना ती गोष्ट माहीत नव्हती. मी थोडक्यात सांगितली. त्या म्हणाल्या, "त्यांना कळलं नसेल काकू. तुम्हाला वेगळी पट्टी द्यायला हवी होती."

"पेटीवरचा हात खाली आनाचा होता फक्त?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

तांदूळ निवडून झाले, धुवून झाले, चुलीवर चढले. पण त्यानंतर कितीतरी दिवस, भाकरी थापताना, कापड वाळत घालताना, बसची वाट बघताना, त्या मधेच माझ्याकडे वळून म्हणायच्या, "एवढंच होतं, नाही वो?" आणि मी "हो बाई" म्हणायचे. त्यांना माझं उत्तर हवं नसायचं. त्या मागे वळून सगळे गुरुवार बघत असायच्या, सगळी लग्नं, सगळ्या हळदी, आणि स्वतःच्या लेकराचा पाळणा. त्या पाळण्याशी त्या नुसती दोरी ओढत बसायच्या आणि गाणी शेजारीण म्हणायची.

दुःख मात्र त्यांना फार दिवस मानवत नाही. महिन्याभरात त्यांनी त्याचं वेड करून टाकलं. भेटेल त्याची पट्टी काढायची. दूधवाला काळी एक. भाजीवाली पांढरी सहा, "पर भाव सांगताना काळी पाचवर जाते." पोस्टमन तीन सप्तकांचा, पण रविवारी बंद. भासऱ्यांना समोर बसवून पेटीवर घेतलं तर ते थेट काळी पाचला सापडले. जाऊबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "देवाच्या दुकानात आपल्या पुड्या बदलल्या वो," त्यांना म्हणाल्या. भासरे गंभीरपणे म्हणाले, "मंग तू पुरुषायच्या भजनात बसत जा, तिथं काळी दोनच असते." तर ताडकन उत्तर मिळालं, "आवाज खाली हाय म्हनून मी काय बाप्या झाली का? मले बायायच्या संगच बसाचं हाय."

आणि एका गुरुवारी त्या मंडळात बोलल्या. भजन सुरू व्हायच्या आधी, टाळ हातात घेऊन, उभं राहून. एवढी वर्षं मंडळात बसलेल्या बाईने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. म्हणाल्या, "आज एक अभंग खाली घ्याल का? काळी दोनले. मले तुमच्या संग म्हनाचा हाय."

मंडळाच्या अध्यक्षीणबाई मनाने वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "घेऊ नं बाई, एका अभंगानं काय होते?" पेटीवालीने काळी दोन धरली. पहिली ओळ निघाली. जाऊबाईंचा आवाज देवळाच्या मंडपात पहिल्यांदा मोकळा सुटला आणि कळसापर्यंत भरून गेला. पण त्याच्यासोबत दुसरा आवाजच नव्हता. बाकीच्या बायकांचे गळे खाली गेले ते तळाला टेकले. कुणी पुटपुटत होती, कुणी खाकरत होती, कुणी मधेच वर उडी मारून आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. दुसऱ्या कडव्याला सगळ्या हसायला लागल्या. जाऊबाईसुद्धा हसल्या, सगळ्यांत मोठ्याने. मग म्हणाल्या, "घ्या बापा तुमची काळी पाच," आणि टाळ वाजवायला लागल्या. शेजारी मी होते. त्यांचे ओठ त्या दिवशी हलत नव्हते.

घरी येताना त्या पुढे आणि मी मागे. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "त्यायचा दोष नाही वो," म्हणाल्या. "आजवर मी वर जाऊ शकली नाही, आज त्या खाली येऊ शकल्या नाही. फिट्टंफाट झाली."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही एकट्या म्हणा ना. त्या संगीताच्या बाई शाळेच्या कार्यक्रमात म्हणायला बोलावताहेत तुम्हाला. सगळं गाव ऐकेल."

"एकटीचा आवाज तं सगळं गाव ऐकूनच राहिलं जन्मभर," म्हणाल्या. "मले एकटीनं नव्हतं म्हनाचं. मले सगळ्यायच्या संग म्हनाचं होतं."

शाळेच्या कार्यक्रमाला त्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी संगीताच्या बाईंची बदली झाली. जाताना त्या जाऊबाईंच्या गळ्यात पडून रडल्या, आणि जाऊबाईंनी त्यांना दिलासा दिला तो गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेला. त्यानंतर पुण्याहून जाऊबाईंच्या मुलाचा आग्रह सुरू झाला. त्याला बाळ झालं होतं, दोघंही नोकरीवर जाणारे. माग तर तोवर बसल्यासारखाच होता, सूत मिळत नव्हतं आणि घेणारं कुणी उरलं नव्हतं. भासरे आणि जाऊबाई दोन पेट्या आणि तांदळाचं एक पोतं घेऊन निघाले. बस सुटताना जाऊबाई खिडकीतून म्हणाल्या, "जास्त दिस नाही राहत वो मी तिथं. फ्लॅटमंधी मले बोलता येत नाही. खालचे लोक वर येतात." ते खरं असणार.

आता त्यांना पुण्याला जाऊन बरेच दिवस झाले. मधे एकदा फोनवर त्यांनी सांगितलं ते असं. नातवाला घेऊन त्या सोसायटीच्या बागेत गेल्या होत्या. बाजूच्या हॉलमधे बायका समूहगानाची तालीम करत होत्या. या दारात उभ्या राहिल्या. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही गाता का?" तर आमच्या जाऊबाईंनी, लुगड्याच्या दुकानात माप सांगावं इतक्या सहजपणे, सांगितलं, "मी आल्टो हावो."

त्या बाईंना आधी धक्का बसला असणार, आणि मग आवाज ऐकून दुसरा. पण तिसरी गोष्ट झाली ती आनंदाची. त्यांच्याकडे तीन ओळी होत्या. वरच्या सुराच्या बायका भरपूर, मधल्याही पुरेशा, आणि खालच्या ओळीत कुणी मिळतच नव्हतं. मिळालेल्या दोघी बिचाऱ्या कशाबशा तग धरून होत्या. तेच गाणं, तीन ओळींच्या तीन वाटा, आणि तिन्ही वाटा एकाच वेळी चालणाऱ्या. "कोनाले खाली याव नाही लागत, कोनाले वर जाव नाही लागत," जाऊबाई सांगत होत्या, आणि फोन माझ्या कानापासून वीतभर दूर धरूनही मला स्पष्ट ऐकू येत होतं. "जो जिथं हाय, तिथूनच म्हनते. अन् गानं एकच होते वो! मले तं पयल्या दिवशी मंधातच रडू आलं. त्या बाई म्हने, काय झालं काकू? मी म्हनली, काही नाही, तुम्ही वाजवा."

परवा त्यांनी कार्यक्रमाचं चित्रीकरण पाठवलं. सगळ्या बायका एकसारख्या साड्यांत, मागच्या ओळीच्या कडेला आमच्या जाऊबाई, कमी उंचीमुळे फक्त कुंकू आणि उघडं तोंड दिसणाऱ्या. मी फोन कानाला लावून ऐकलं. मग आवाज वाढवून ऐकलं. आमचे हे दुकानातून आल्यावर त्यांनाही ऐकवलं. गाणं गोड होतं. पण त्यात जाऊबाईंचा आवाज मला सापडेना. ज्या आवाजाला रानडुकरं ओळखायची, तो मला, इतकी वर्षं त्याच्या छायेत राहिलेल्या बाईला, वेगळा काढता येईना.

मी फोन लावला. म्हटलं, "बाई, फार छान झालं. पण खरं सांगू का, मला तुमचा आवाज काही वेगळा ओळखता आला नाही."

त्यांनी विचारलं, "नाही आला? खरंच नाही आला?"

"नाही बाई."

"वरच्या बायायचा आला?"

"नाही. कुणाचाच वेगळा नाही. सगळ्यांचा मिळून एकच."

"हो नं," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा आवाज इतका हळू ऐकू आला की मला फोन कानाशी घट्ट धरावा लागला. "हो नं वो. तसाच झाला पायजे तो."

त्या खुशीत होत्या. पुढच्या कार्यक्रमाचं, नव्या गाण्याचं, शेजारच्या ओळीतल्या कुणा केरळच्या बाईचं सांगत राहिल्या. इकडे कधी येता, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण मी ते विचारलं नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाला की मी ओसरीवर बसते आणि ते गाणं पुन्हा लावते. पहिली ओळ सुरू होताना वाटतं, हा, हाच. मी श्वास धरून ऐकते. मग वरच्या बायका येतात, मधल्या येतात, आणि तो त्यांच्यात मिसळून जातो.